स्टेअरिंगचे तेल जाते कुठे?

उन्हाळ्याच्या सुट्टीत चिपळूणला भाचीच्या लग्नाला निघालो. गाडी दारातून मागे घेत होतो तेव्हा मागच्या सीटवरून अम्मी म्हणाली, "ये गाडी कराह क्यों रही है?" आम्ही नेहमीप्रमाणे हसून सोडून दिले. दोन महिने हेच चालले होते. स्टेअरिंग पूर्ण वळवले की पुढून घूंऽऽ असा आवाज यायचा आणि आमचा त्यावरचा इलाज ठरलेला होता. बॉनेट उघडायचे, स्टेअरिंग ऑइलच्या बाटलीचे झाकण काढायचे, लाल तेल ओतायचे. आवाज बंद. पंधरा दिवसांनी पुन्हा आवाज, पुन्हा तेल. गाडी जुनी आहे, थोडे तेल खाणारच, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली होती.

या पानावर दर महिन्याला घरातल्या वस्तू कशा सांभाळाव्यात हे तुम्हाला सांगणारे आम्हीच. गॅसची नळी मुदतीआधी बदला, मिक्सरला जळका वास आला तर लगेच बटण बंद करा, असे लिहायला आम्हाला काही वाटत नाही. स्वतःच्या गाडीत मात्र दोन महिने नुसते तेल ओतत बसलो. तेव्हा या वेळचे लिखाण थोडे कबुलीजबाबासारखे वाटले तर समजून घ्या.

कराडहून पाटण, कोयनानगर, हेळवाक असे करत कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी आलो. गाडीत आम्ही दोघे, दोन मुले, अम्मी, खाला आणि पायाशी आहेराच्या पिशव्या. उतार सुरू झाल्यावर तिसऱ्या की चौथ्या वळणाला तो कण्हण्याचा आवाज एकदम मोठा झाला आणि स्टेअरिंग हातात दगडासारखे झाले. वळण उजवीकडे, डाव्या हाताला दरी. एक क्षण वाटले, स्टेअरिंग लॉक झाले, आता काही खरे नाही. दोन्ही हातांनी जीव खाऊन ओढले तेव्हा चाके वळली. गाडी वळणातून निघाली, पुढे रस्ता रुंद होता तिथे कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मुलाला सांगून पुढच्या चाकांसमोर दगड लावले. खालून लाल तेल ठिबकत होते. खालाच्या ओठांवर दुआ चालूच होती. आमचे हात नंतरही बराच वेळ थरथरत होते.

त्या क्षणाबद्दल आधी लिहितो, कारण बाकी काही लक्षात राहिले नाही तरी एवढे राहावे. पॉवर स्टेअरिंगची मदत गेली म्हणजे स्टेअरिंग गेले असे नाही. तुमच्या हातातल्या चक्रापासून पुढच्या चाकांपर्यंत लोखंडाची सलग जोडणी असते. तेलाचा पंप किंवा विजेची मोटर त्या जोडणीला फक्त वरून हातभार लावते. हातभार थांबला की सगळे ओझे आपल्या मनगटांवर येते, गाडी मात्र वळते. घाबरून चक्र सोडणारा किंवा "अडकले" म्हणून नुसता ब्रेक दाबून बसणारा माणूस खरा धोक्यात असतो. वेग कमी करायचा, दोन्ही हातांनी जोर लावायचा, इंडिकेटर देऊन कडेला यायचे. इंजिन मात्र गाडी पूर्ण थांबेपर्यंत बंद करायचे नाही. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदतही दोन-तीन दाबांत संपते, आणि किल्ली काढली तर स्टेअरिंग खरोखरच लॉक होते.

इथे एक कडू गोष्ट बोलून घेतो. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी बंद करून न्यूट्रलमध्ये सोडणारे लोक आजही आहेत, आमच्या नात्यातही आहेत. चार पैशांच्या डिझेलसाठी एकाच वेळी स्टेअरिंगची मदत, ब्रेकची मदत आणि गिअरचा आवर असे तिन्ही हातचे घालवायचे, ही काटकसर आम्हाला पटत नाही. नातेवाईक रागावले तरी चालेल.

तर घाटात मागून येणारा एक ट्रकवाला थांबला. आमच्याकडे लाल तेलाची अर्धी बाटली होती, ती घेऊन आम्ही बॉनेटकडे निघालो तसा तो म्हणाला, "साहेब, तेल काय ओतताय? आधी गळतंय कुठं ते बघा की." त्याने टॉर्च मारला. बाटलीतून पंपाकडे आणि रॅककडून परत बाटलीकडे अशा रबरी नळ्या जातात. परत येणाऱ्या नळीचे टोक कडक होऊन तडकले होते, वरची क्लिप सैल झाली होती. इंजिन गार होईपर्यंत थांबलो. त्याने नळीचे तडकलेले टोक कापले, नळी पुन्हा चढवली, क्लिप आवळली. मग तेल घातले, इंजिन चालू करून स्टेअरिंग दोन्हीकडे सावकाश फिरवले, पुन्हा तेल घातले. त्याने पैसे घेतले नाहीत. लग्नाचे घर आहे म्हणून खालाने दिलेला लाडवांचा पुडा मात्र आनंदाने घेतला. चिपळूणपर्यंत हळूहळू पोहोचलो, निकाहला अर्धा तास उशीर झाला एवढेच.

दुसऱ्या दिवशी तिथल्या मिस्त्रीने नवी नळी आणि दोन क्लिपा टाकल्या, मजुरीसह ६०० रुपये. पण आवाज पूर्ण गेला नाही. घरी परतल्यावर आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी पंप उघडून दाखवला. आतली गुळगुळीत असायला हवी ती कडी खरवडल्यासारखी झाली होती. पंपाला वेगळे वंगण नसते, हेच तेल त्याचे वंगण. तेल कमी झाले की पंप तेलाबरोबर हवा ओढतो. तो कण्हण्याचा आवाज त्या हवेचा होता. दोन महिने आम्ही पंपाला अर्धपोटी ठेवून राबवले. नवा पंप ८,५०० रुपये. वेळेवर नळी बघितली असती तर ६०० मध्ये भागले असते आणि घाटातला तो प्रसंगही आला नसता.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, यंत्रांचा आणि आमचा संबंध बेताचा. म्हणून आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारले. त्यांनी दोन सिरिंजा घेतल्या, मध्ये सलाइनची नळी जोडली, आत रंगीत पाणी भरले आणि सुई न लावता एकीचा दट्ट्या दाबला. दुसरीचा दट्ट्या बाहेर आला. मग नळीत थोडी हवा शिरू दिली. आता पहिला दट्ट्या दाबला की आधी हवाच दबायची, दुसरा मागाहून कसाबसा हलायचा. "मॅडम-सर मंडळी, बंद नळीतले पाणी कुठे खर्च होते का?" त्यांनी विचारले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. इंजिनचे तेल थोडेफार जळते, ते कमी होणे समजू शकते. स्टेअरिंगचे तेल जळत नाही. ते एका बंद वाटेने फिरत राहते. पातळी खाली आली याचा अर्थ एकच, ते कुठेतरी बाहेर पडते आहे. ते कुठून जाते हे शोधल्याशिवाय वरून ओतणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे.

मग तेल किती आहे हे बघायचे कसे? गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद ठेवून. बाटली पांढऱ्या प्लॅस्टिकची असेल तर बाहेरूनच पातळी दिसते, नाहीतर झाकणालाच छोटी पट्टी असते. खुणा दोन जोड्यांच्या असू शकतात, एक गार तेलासाठी आणि एक गरम तेलासाठी. तेल तापले की फुगते, म्हणून ज्या स्थितीत बघतो त्याच खुणेशी ताडायचे. झाकण उघडण्याआधी भोवतालची धूळ कापडाने पुसून घ्या, कारण धुळीचा एक कण आत गेला तर तो सरळ पंपात जातो. मग पट्टीवरचे तेल पांढऱ्या कागदावर टिपा. स्वच्छ लाल किंवा पारदर्शक असेल तर ठीक. तपकिरी-काळे आणि जळका वास असेल तर बदलायची वेळ झाली. फेस किंवा बारीक बुडबुडे दिसले तर हवा शिरते आहे. चमचमते कण दिसले तर आतले लोखंड झिजते आहे, मग वाट बघू नका.

कोणते तेल, हा प्रश्न आम्ही फार हलका घेत होतो. पुष्कळ गाड्यांना गिअरबॉक्सचे लाल एटीएफ चालते, काहींना हिरवे किंवा दुसरे खास तेल लागते, आणि ती एकमेकांत मिसळायची नसतात. झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते, तेच घ्या. आमच्या एका शेजाऱ्यांनी अडचणीत ब्रेक ऑइल ओतले होते. ते वेगळ्याच जातीचे असते, स्टेअरिंगची रबरी सील खराब करते. याच्या उलट चूक तर त्याहून वाईट. ब्रेकच्या डबीत चुकून स्टेअरिंगचे तेल गेले तर ब्रेकची रबरे फुगतात आणि ब्रेक दगा देतो. दोन्ही डब्या बॉनेटखाली जवळजवळ असू शकतात. आम्ही आता स्टेअरिंगच्या झाकणाजवळ लाल चिकटपट्टी लावली आहे. असे घडलेच तर गाडी चालू करू नका, मिस्त्रीला दारात बोलवा.

गळती शोधायला महागडे काही लागत नाही. रात्री गाडीच्या पुढच्या भागाखाली एक जुना पुठ्ठा पसरा आणि फजरनंतर बघा. लाल, बोटाला बुळबुळीत लागणारे थेंब स्टेअरिंगचे. काळपट ते इंजिनचे. हिरवे, गुलाबी किंवा नारिंगी आणि पाण्यासारखे पातळ ते कूलंट; तेही कधी लाल असते, पण त्यात तेलाचा बुळबुळीतपणा नसतो. नुसते स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचे, त्याची काळजी नको. थेंब कुठे पडले यावरून नळी, पंप की रॅक हे मिस्त्रीला कळते. रॅकच्या दोन्ही टोकांना घडीघडीची रबरी टोपणे असतात, त्यांना बूट म्हणतात. ती फाटली की चिखल आत जातो आणि आतली सील कापली जातात. आणि बूट तेलाने फुगलेले किंवा ओले दिसले तर सील आधीच गेली आहेत. पावसाळ्यानंतर ती एकदा जरूर बघून घ्या. गळणारे तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडले तर धूर येतो, पेटूही शकते, म्हणून वासाकडे दुर्लक्ष नको.

पंप फिरवणारा पट्टा, म्हणजे बेल्ट, हाही आपला आपण बघता येतो. इंजिन बंद, किल्ली खिशात. ओढणी, लांब बाह्या, बांगड्या सांभाळून. पट्ट्याला आडव्या चिरा, कडेने सुटलेले धागे, आरशासारखी चकाकी, यातले काही दिसले तर तो बदलायचा. स्टेअरिंग टोकापर्यंत वळवताना कर्कश किंचाळी ऐकू येत असेल तर पट्टा घसरतो आहे. घूंऽऽ आवाज तेलाचा आणि कीऽऽ आवाज पट्ट्याचा, असे आमच्या मुलाने पाठ केले आहे. साबण किंवा मेण चोळून आवाज बंद करू नका, त्याने दोष झाकला जातो. आणखी एक लक्षात ठेवा: चालत्या गाडीत स्टेअरिंग जड झाले आणि त्याच वेळी बॅटरीचा दिवा लागला तर बहुधा पट्टाच तुटला आहे. पुष्कळ गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. अशा वेळी सुरक्षित जागी थांबून इंजिन लगेच बंद करा, नाहीतर इंजिन तापून मोठा खर्च बसेल.

हे सगळे ठीक असूनही स्टेअरिंग जड वाटत असेल तर आधी पुढच्या चाकांतली हवा बघा. हसू नका. मिस्त्रींच्या म्हणण्याप्रमाणे "स्टेअरिंग जड" म्हणून येणाऱ्या कित्येक गाड्या हवा भरून परत जातात. हवा किती हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेले असते.

आमचे अब्बा ट्रक चालवायचे. त्या काळच्या ट्रकना पॉवर स्टेअरिंग कसले! अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनिअरने १९२० च्या दशकात ते बनवले, १९५१ साली क्रायस्लरच्या इम्पिरियल मोटारीत ते विक्रीला आले, पण आमच्या अब्बांच्या दंडांपर्यंत ते कधी पोहोचले नाही. त्यांचा एक नियम होता, गाडी जराशी हलू दे, मग स्टेअरिंग वळव. उभ्या गाडीत चक्र फिरवणाऱ्या क्लीनरला ते ओरडायचे. आता एका बोटाने चक्र फिरते, म्हणून आपण बाजारात उभ्या उभ्या ते टोकापर्यंत फिरवतो आणि तिथेच धरून ठेवतो. टोकाला धरले की पंपाचा दाब सर्वांत वर जातो आणि तेल तापते. चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त तिथे धरू नये, किंचित मागे सोडावे. अब्बांचा नियम दंडांसाठी होता, तो पंपालाही लागू आहे हे आम्हाला ८,५०० रुपये मोजून कळले.

आता तुमच्यापैकी अनेकांच्या घरी नव्या छोट्या गाड्या आहेत. त्यांत तेलाची बाटली शोधत बसू नका, ती नसते. तिथे विजेची मोटर मदत करते. ही पद्धत १९८८ मध्ये सुझुकीने जपानमध्ये छोट्या मोटारीत आणली. तेल नाही, पट्टा नाही, गळती नाही. तिची प्रकृती बॅटरीवर अवलंबून. समोरच्या पटलावर स्टेअरिंगच्या चक्राचे चित्र असलेला दिवा असतो. किल्ली फिरवल्यावर तो लागून इंजिन चालू होताच विझायला हवा. आमच्या शाळेतल्या एका आपांच्या गाडीत तो विझेना, स्टेअरिंग कधी हलके तर कधी जड. एका गॅरेजने पूर्ण स्टेअरिंग बदलावे लागेल असे सांगून मोठा आकडा दिला. आपांच्या नशिबाने त्यांनी आधी एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनला दाखवले. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-निळसर थर साचला होता आणि एक टोक हाताने हलत होते. साफ करून आवळल्यावर दिवा विझला. दर वेळी इतके सोपे नसते, सेन्सर किंवा मोटर खरेच बिघडते. पण बॅटरी, तिची टोके आणि फ्यूज बघितल्याशिवाय मोठ्या खर्चाला हो म्हणू नका. अरुंद जागेत गाडी लावताना सारखे टोकापर्यंत फिरवत राहिले तर ही मोटर तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी मदत कमी करते. थोडा वेळ थांबले की ती पूर्ववत होते.

दोन्ही प्रकारांसाठी एक सोपी तपासणी आहे. इंजिन बंद असताना चक्र हलक्या हाताने एका बाजूला दाबून धरा आणि इंजिन चालू करा. चक्र हातात एकदम सैल होऊन किंचित वळले तर मदत मिळते आहे. घाट उतरण्याआधी आम्ही हे आता न चुकता करतो.

तेल बदलणे आम्ही मिस्त्रींवर सोडतो, कारण तेल भरल्यानंतर आतली हवा काढणे हे धीराचे काम आहे. पुढची चाके उचलून, आधी इंजिन बंद ठेवून चक्र या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेकदा सावकाश फिरवायचे, पातळी खाली जाईल तसे भरायचे, मग इंजिन चालू करून पुन्हा तेच, बुडबुडे थांबेपर्यंत. घाई करणारा मिस्त्री तिथे अर्ध्यावर सोडतो आणि आवाज तसाच राहतो. काम चालू असताना जवळ उभे राहा, काढलेला जुना भाग मागून घ्या. "रॅक गेला" असे कोणी म्हणाले तर कुठून गळते ते बोट लावून दाखवायला सांगा. खरे काम करणाऱ्याला याचा राग येत नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आता आमचा मुलगा बॉनेट उघडतो आणि धाकटी वहीत लिहिते. बाटलीवर त्यांनी मार्करने एक बारीक रेघ ओढून ठेवली आहे, तारखेसह. जूनपासून तेल त्या रेघेवरच आहे. गेल्या आठवड्यात अम्मीला दवाखान्यात न्यायचे होते, गाडी गल्लीतून मागे घेतली तेव्हा तिने कान दिला आणि म्हणाली, "आज चुप है." मग तिने विचारले, त्या ट्रकवाल्याचा नंबर घेतला होता का. घ्यायचा राहून गेला होता.